प्लॅस्टिकचे पेव्हर आणि आपले कर्तव्य

पावसाळा तोंडावर आला की गटारे उपसली जातात आणि चिखलाबरोबर दुधाच्या पिशव्या, फरसाणाची वेष्टने, शांपूच्या पुड्या यांचे ढीग बाहेर येतात. हा सारा ऐवज आपल्याच स्वयंपाकघरातून निघालेला असतो. त्याचा चुरा करून तो सिमेंट काँक्रीटच्या पेव्हरमध्ये मिसळावा आणि त्या पेव्हरनी पायवाटा, देवळांची प्रांगणे, पंचायतींची आवारे फरसबंद करावीत, ही कल्पना कोणासही भुरळ घालील अशीच आहे. आम्ही तिचे स्वागत करतो. तथापि या उत्साहाला शास्त्राचा लगाम हवा.

मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी तापलेल्या खडीवर प्लॅस्टिकचा लेप चढवून ती डांबरात मिसळण्याची रीत सिद्ध केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री लाभली. डांबर आणि प्लॅस्टिक ही दोन्ही खनिज तेलाच्या कुळातील, म्हणून त्यांचे सूत जुळते. सिमेंटचे तसे नाही. सिमेंट पाण्याच्या योगाने घट्ट होते आणि पॉलिथिन तर पाणी अंगाला लावून घेत नाही. काँक्रीटमध्ये प्लॅस्टिकचा तुकडा अडकून राहतो, एकजीव होत नाही. वाळूच्या जागी त्याचे प्रमाण जसजसे वाढवावे, तसतशी ठोकळ्याची दाब सोसण्याची शक्ती घटते. सबब असे पेव्हर पायवाटेला शोभतील. मालवाहू ट्रकांच्या वाटेवर ते घालणे धोक्याचे ठरेल.

आता थोडा हिशेब करू. ६० मिलिमीटर जाडीच्या पेव्हरचा एक चौरस मीटर सुमारे १४० किलो भरतो. त्यात शेकडा १ या प्रमाणात प्लॅस्टिक घातले, तर १०० चौरस मीटरच्या आवारात जेमतेम १४० किलो प्लॅस्टिक जिरेल. एवढ्याने गावाचा कचरा संपेल असे मानणे ही आत्मवंचना होय.

दुसरी रीत सिमेंट वगळून प्लॅस्टिक वितळवण्याची आणि त्यात वाळू कालवण्याची. केनियातील न्झांबी माटी यांनी या मार्गाने फरसबंदीचे ठोकळे केले आणि २०२० साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांचा गौरव केला. परंतु पीव्हीसी तापले की त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू सुटतो. कचरा न निवडता कोणी आडोशाला भट्टी पेटवली, तर कचऱ्याची पीडा जाऊन धुराची पीडा यायची. २०१९ साली सोनसडोच्या ढिगाला लागलेल्या आगीचा धूर मडगावकर विसरलेले नाहीत.

शिवाय आपल्याकडे वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. झिजलेल्या पेव्हरमधून सुटलेले प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण या पाण्याबरोबर ओहोळांतून खाजन शेतांत आणि तेथून मांडवी-जुवारीत जाऊ शकतात. तेथील तिसऱ्या, शिणाणे आणि मासळीच आपल्या ताटात येते. अंगण पुरते बांधून काढले तर विहिरीला पाणी मिळत नाही, तेही ध्यानात ठेवावे.

मग करावे काय? पंचायतींनी व पालिकांनी पेव्हर घेताना आयएस १५६५८ या मानकानुसार दाब, जलशोषण आणि झीज यांच्या चाचणीचा दाखला मागावा आणि प्लॅस्टिकचे प्रमाण लेखी घ्यावे. पीव्हीसी वेगळे काढल्याची खात्री करून घ्यावी. पहिला प्रयोग पायवाटेवर करून दोन पावसाळे त्याची परीक्षा घ्यावी, मगच मोठी खरेदी करावी.

नाविघटनशील कचऱ्याविषयीचा कायदा गोव्यात १९९६ सालीच झाला. २०१६ साली साळगावचा प्रकल्प सुरू झाला. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या कितीतरी प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. कायदा आहे, यंत्रही आहे. उणीव आहे ती घरोघरच्या शिस्तीची. ओल्या उष्ट्यात बरबटलेली पिशवी कोणत्याही ठोकळ्याच्या उपयोगाची नाही. ती धुऊन, वाळवून वेगळी ठेवली तरच पुढचे सारे शास्त्र कामाला येईल. आणि बाजाराला जाताना कापडी पिशवी बरोबर नेली, तर त्या शास्त्राला तसदी देण्याचे कारणच उरणार नाही. पेव्हर हा कचऱ्याचा शेवटचा मुक्काम असावा. नवा कचरा करण्याचा परवाना तो कदापि होऊ नये.