केबल स्टोअरमध्ये पडून होती म्हणून

शिर्डीच्या आसपास, प्रवरानगरपासून कोपरगावपर्यंत, गळीत हंगाम लागला की साखर कारखान्यांचे फायब्रायझर, आयडी फॅन आणि टर्बाइन चोवीस तास फिरतात. त्यांच्यासाठी व्हायब्रेशन सेन्सर घेताना तीन-तीन कोटेशनं मागवली जातात. केबल मात्र स्टोअरमध्ये पडलेली चालते.

‘दोनच तर वायरी, कुठलीही टू-कोअर टाका.’ नेहमीचा सेन्सर 1 जी कंपनाला 100 मिलिव्होल्ट देतो. बेअरिंग बिघडू लागतं तेव्हा हाती येतो एखाद-दुसरा मिलिव्होल्ट. शेजारून व्हीएफडीची, म्हणजे मोटरची गती बदलणाऱ्या ड्राइव्हची, पॉवर केबल गेली की तोही बुडाला. म्हणून पीळ दिलेली, शील्डवाली जोडी घ्यायची आणि वेगळ्या ट्रेमधून न्यायची.

‘शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केली की दुप्पट संरक्षण.’ हा सगळ्यांत महागात पडणारा समज. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये थोडा जरी व्होल्टेजचा फरक असला, तरी शील्डमधून प्रवाह वाहू लागतो आणि आलेखात 50 हर्ट्झला सुळका उभा राहतो. आता 1480 आरपीएमची मोटर घ्या. तिच्या गतीची दुप्पट येते 49.3 हर्ट्झ, आणि तिथे सुळका दिसला की अलाइनमेंट गेली असं कुणीही म्हणेल. कपलिंग खोलतात, डायल गेज लावतात, सापडत काहीच नाही. खोलण्याआधी मोटर बंद करून बघावी. मोटर थांबूनही सुळका जागचा हलला नाही, तर दोष अर्थिंगचा. शील्ड एकाच टोकाला, बहुधा पॅनेलकडे, अर्थ करायची.

‘केबल लांबली की रीडिंग बिघडतं.’ अर्धसत्य. केबलची धारकता मीटरला 100 पिकोफॅरड धरली, तर 100 मीटर केबलवर सेन्सरच्या 4 मिलिअँपिअर पुरवठ्यात 5 व्होल्टचा सिग्नल साडेनऊ हजार हर्ट्झपर्यंत नीट पोचतो. 2 मिलिअँपिअरवर जेमतेम 3200. फॅनचा असमतोल बघायला तेवढं पुष्कळ. बेअरिंगच्या पहिल्या खुणा मात्र वरच्या पट्ट्यात असतात. तिथे पुरवठ्याचा प्रवाह वाढवावा.

टर्बाइनच्या प्रॉक्सिमिटी प्रोबची गोष्टच वेगळी. प्रोब आणि एक्स्टेन्शन केबल मिळून 5 किंवा 9 मीटर भरतात, आणि ड्रायव्हर त्याच लांबीला जुळवलेला असतो. जास्तीची केबल कापली की कॅलिब्रेशन गेलं. वेटोळं करून बांधून ठेवायची, बस.

वाफेच्या पाइपाशेजारी पीव्हीसी कडक होऊन तडकतं. तिथे साधारण 200 अंश सोसणारं टेफ्लॉन जातीचं आवरण हवं. आणि ‘आर्मर्ड म्हणजे निर्धास्त’ हेही खरं नाही, ताठ आर्मर सेन्सरलाच ओढतो. शेवटचा हातभर तुकडा लवचीक ठेवावा, जवळच क्लँप करावा आणि कनेक्टरच्या खाली झोळ सोडावा, म्हणजे मिल धुताना पाणी कनेक्टरमध्ये न शिरता झोळाच्या तळाशी गळून जातं.