चाळीस टक्के नसतील तर हक्कही नाही?

परीक्षेचे अर्ज भरायचे दिवस आले की शाळा-कॉलेजांच्या ऑफिसात एक वाक्य हमखास कानावर पडतं. "चाळीस टक्के दिव्यांगत्वाचा दाखला आहे का? नाही? मग रायटर मिळणार नाही, जादा वेळही नाही." समोर फाइल घेऊन उभ्या असलेल्या आई-वडिलांकडे डॉक्टरांचे रिपोर्ट असतात. ते कुणी उघडूनही बघत नाही. क्लार्क सांगतो, मुख्याध्यापक सांगतात, क्लासचे सर सांगतात आणि आता पालकच एकमेकांना हे सांगू लागले आहेत. कितीही जणांनी सांगितलं तरी हे चूक आहे. कायद्यात असं कुठेही म्हटलेलं नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम २ मध्ये दोन वेगळ्या व्याख्या आहेत. पहिली 'दिव्यांग व्यक्ती'ची. दीर्घकाळची शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची अक्षमता आणि भोवतालचे अडथळे यांमुळे जिला इतरांच्या बरोबरीने सहभागी होता येत नाही, ती व्यक्ती. या व्याख्येत टक्केवारीचा उल्लेखच नाही. दुसरी व्याख्या 'लक्षणीय दिव्यांगत्वा'ची, आणि चाळीस टक्के येतात ते तिथे. उच्च शिक्षणातल्या ५ टक्के आणि सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के आरक्षणासाठी ही दुसरी व्याख्या लागते. शिक्षणाविषयीची कर्तव्यं सांगणारी कलमं १६ आणि १७ मात्र पहिल्या व्याख्येवर उभी आहेत. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक म्हणजेच 'रायटर', दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सगळं कलम १७ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. आरक्षणाची अट उचलून लेखनिकाला लावायची, हा सगळ्या गोंधळाचा उगम आहे.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने नेमका हाच निकाल दिला. 'विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग' हा तो खटला. उमेदवार एमबीबीएस झालेला, त्याला 'रायटर्स क्रॅम्प'. या विकारात हात एरवी बरा दिसतो. पण पेन धरून लिहू लागलं की बोटं आपोआप आवळतात, मनगट वळतं, अक्षर ओळीबाहेर जातं आणि हात पुढे सरकत नाही. असा माणूस शर्टाची बटणं लावताना पाहिला तर कुणालाही वाटेल, याला काय झालंय? आयोगाने त्याला लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने सांगितलं, लेखनिकाची सोय चाळीस टक्क्यांपुरती बांधून ठेवता येणार नाही, आणि सरकारने नियमावली करावी.

ती नियमावली केंद्र सरकारने १० ऑगस्ट २०२२ रोजी काढली. चाळीस टक्क्यांच्या आत असलेल्या, पण लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांसाठीच ती होती. दाखला तिथेही लागे. सरकारी रुग्णालयातल्या सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याने लिहून द्यायचं, की या व्यक्तीला लिहिणं जमत नाही आणि लेखनिक आवश्यक आहे. तासाला किमान २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. २०२५ च्या फेब्रुवारीत दुसऱ्या एका खटल्यात न्यायालयाला पुन्हा हेच सांगावं लागलं. एकच गोष्ट सर्वोच्च न्यायालयाला दोन-दोनदा सांगावी लागते आणि तरीही ऑफिसातलं उत्तर बदलत नाही, याचा मला संताप येतो. त्या उत्तरापायी एखाद्या मुलाचं वर्ष जातं. महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थिनीला २०२१ च्या वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत हक्काचा जादा तास मिळाला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. चूक झाल्याचं न्यायालयाने मान्य केलं, पण तिच्यासाठी फेरपरीक्षा काही झाली नाही.

"पण मग बाकीच्या मुलांवर अन्याय होत नाही का?" हा प्रश्न शिक्षकही विचारतात, आणि मनापासून विचारतात. इतिहासाचं उत्तर तोंडी घडाघडा सांगणारा मुलगा डोळ्यांसमोर आणा. तेच उत्तर कागदावर उतरवताना त्याच्या वेलांट्या उलट्या पडतात, जोडाक्षरं सुटतात, तो खोडतो, पुन्हा लिहितो, आणि तीन ओळी होईपर्यंत बाकीचा वर्ग पुढच्या प्रश्नावर गेलेला असतो. पेपर त्याला तोच आहे, प्रश्न तेच आहेत, गुणदानही तेच आहे. परीक्षा इतिहासाची असेल तर त्याला इतिहास किती येतो एवढंच मोजायला हवं. जादा वेळ दिला नाही तर त्याच्या हाताचा वेग मोजला जातो, आणि अन्याय तिथे होतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. लेखनिक पेपर सोडवून देत नाही. विद्यार्थी सांगेल तेवढंच लिहितो, आणि विद्यार्थ्याने स्वतः आणलेला लेखनिक शिक्षणाने खालच्या पायरीवरचा असावा, असं मार्गदर्शक सूचनाच सांगतात. खासगी शाळेला कायदा लागू नाही, असंही म्हणतात. कलम १६ मध्ये अनुदानित आणि मान्यताप्राप्त, दोन्ही प्रकारच्या संस्था येतात. मुलगी हुशार आहे म्हणून तिला अध्ययन अक्षमता, म्हणजे लिहिण्या-वाचण्यातली अडचण, असूच शकत नाही, हे तर साफ खोटं. बुद्धीचा आणि या अडचणीचा संबंध नाही. दारात रॅम्प बांधला की जबाबदारी संपली असंही नाही. वर्ग, प्रयोगशाळा, स्वच्छतागृह सगळीकडे पोचता आलं पाहिजे. "विशेष शाळेत घाला" हा सल्ला देण्याचा अधिकार शाळेला कुणी दिला? लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत की विशेष शाळेत शिकायचं, ही निवड कलम ३१ ने त्याच्या हातात दिली आहे.

पालकांना एकच विनंती. तोंडी विचारू नका. मुलाच्या अडचणीचा रिपोर्ट जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि नकार दिला तर तोही लेखी मागा. तो कागद घेऊन पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येते. मात्र परीक्षा तोंडावर येईपर्यंत थांबू नका. शाळा सुरू झाली की पहिल्याच महिन्यात अर्ज करा.