लहान चणीच्या चढाईपटूचे काय होते?

कबड्डीच्या मैदानाकडेला उभी असलेली जाणती माणसे विशीच्या आतल्या एखाद्या चपळ मुलाबद्दल एक वाक्य हमखास बोलतात : "पोरगा चांगला हाय, पन हलका हाय." या वाक्यातल्या 'पन'ने आमच्या भागातल्या किती मुलांचा खेळ थांबवला, याची नोंद कुठेही नाही. हा लेख त्या 'पन'विषयी आहे.

कल्याणचा दुर्गाडी किल्ला खाडीच्या एका तीरावर आणि आमचे कोन गाव दुसऱ्या तीरावर. भिवंडीकडे जाणारा रस्ता गावातून जातो. पूर्वी रस्त्याच्या दोन्ही अंगांना भातशेती होती, आता या पट्ट्यात गोदामे आहेत. आगरी वस्तीच्या या गावांत कबड्डी कुणी मुद्दाम शिकवत नाही, ती मुलाच्या अंगाला आपोआप लागते. मी क्रीडाशास्त्र शिकलेलो नाही. ठाणे-रायगड पट्ट्यातले सामने बघणे, नियमपुस्तिका वाचणे आणि चढाई नेमकी कुठे फसली ते वहीत टिपणे, एवढाच माझा अभ्यास. पण इतकी वर्षे हे केल्यावर एक प्रश्न सुटा करून मांडता येतो : लहान चणीचा मुलगा गावच्या मैदानावर चमकतो, तसा तो व्यावसायिक कबड्डीत टिकू शकतो का?

प्रश्न केवळ हौसेचा नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस, बँका, मोठ्या कंपन्या यांच्या संघांनी कबड्डीपटूंच्या कित्येक घरांत पगार आणला. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि खेळण्याचेच पैसे मिळू लागले. २०१७ पासून लीगमध्ये बारा संघ आहेत. ज्या मुलापुढे दुसरा मार्ग गोदामातल्या हजेरीचा आहे, त्याला 'हलका' म्हणून बाजूला काढणे हा त्याच्या पुढच्या तीस वर्षांविषयीचा निर्णय असतो.

आडोसा आणि उघडे रान

कुस्तीत लहान शरीराला वजनगटाचा आडोसा असतो. खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला ५२ किलोच्या गटात सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला ५७ किलोच्या गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शंभर किलोच्या मल्लाशी त्यांना झुंजावे लागले नाही, आणि त्यामुळे त्यांच्या पदकाचे मोल तसूभरही कमी होत नाही.

कबड्डीतला आडोसा अर्धाच आहे. वरिष्ठ पुरुष गटात वजनाची कमाल मर्यादा ८५ किलो आहे, किमान मर्यादा नाही. कुमार गटात ही मर्यादा ७० किलोची. शिवाय आपल्याकडे गावोगावी ५५ किलो, ६० किलो, ६५ किलो अशा वजनी गटांच्या स्पर्धा होतात. लहान चणीचा मुलगा त्या स्पर्धांत वाढतो, बक्षिसे घेतो, त्याचे नाव होते. मग वयाची वीस वर्षे उलटतात आणि तो खुल्या गटात येतो. कालपर्यंत समोरचा कोपरारक्षक त्याच्याच वजनाचा होता. आज तोच खेळ, तेच मैदान, पण समोरच्याचे वजन वीस-पंचवीस किलोंनी जास्त. 'पन हलका हाय' हे वाक्य त्याच्या वाट्याला इथे येते.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. अमेरिकेत अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळण्याचा जो फुटबॉल खेळतात, त्यात महाविद्यालयातून व्यावसायिक संघांत जाताना हीच अडचण उभी राहते. टेक्सास टेक विद्यापीठाचा वेस वेल्कर पाच फूट नऊ इंचांचा. २००४ मध्ये महाविद्यालयीन खेळाडूंची वार्षिक निवड झाली तेव्हा एकाही व्यावसायिक संघाने त्याचे नाव घेतले नाही. पुढे त्याच वेल्करने पाच हंगामांत प्रत्येकी शंभराहून अधिक झेल घेतले. हे जमले याचे एक कारण असे की, त्या खेळात त्याच्या शरीराला जुळणारी एक जागा होती. मैदानाच्या मध्याजवळ, थोड्या अंतरात झटकन दिशा बदलून चेंडू घेण्याची ती जागा. तिथे उंचीपेक्षा वळण्याचा वेग कामाला येतो. गंमत म्हणजे वेल्करचे वजन ८४ किलोंच्या आसपास होते. तिथे ज्याला लहान म्हणाले, तो आपल्याकडे वजनकाट्यावर जेमतेम पात्र ठरला असता! 'लहान' हा शब्द मैदानागणिक बदलतो. म्हणून विचारायचे ते हे की, कबड्डीत लहान शरीराला जुळणारी जागा कोणती?

चढाईचे दोन भाग

पुरुषांच्या मैदानाचा एक अर्धा भाग साडेसहा मीटर खोल असतो. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा आणि तिच्या पुढे एक मीटरवर बोनस रेषा. चढाईला तीस सेकंद. या चढाईचे मी दोन भाग करतो : पकड बसण्याआधीचा आणि पकड बसल्यानंतरचा.

पकड बसल्यानंतरचा भाग मोठ्या शरीराचा आहे. घोट्याला किंवा कमरेला मिठी बसली की मध्यरेषेपर्यंतचे अंतर अंगावरची माणसे ओढत कापावे लागते. उंच खेळाडू पडता पडता हात लांबवतो आणि बोटांनी रेषा गाठतो. पाच फूट पाच इंचांच्या मुलाला तेवढ्यासाठी आणखी एक पाऊल टाकावे लागते, आणि ते एक पाऊल त्याला कुणी टाकू देत नाही. मॅटवर आणखी एक धोका आहे, तो डॅशचा. मध्यरक्षक खांदा घालून धडकतो आणि हलका चढाईपटू थेट रेषेबाहेर जातो. मॅटवर बुटांना पकड मिळते, त्यामुळे धडकणाऱ्याचा जोर वाया जात नाही. मातीवर वाढलेल्या मुलाला याची सवय नसते.

पकड बसण्याआधीचा भाग मात्र सगळ्यांना समान आहे, किंबहुना लहान शरीराकडे थोडा झुकलेला आहे. बोनससाठी एक पाय रेषेपलीकडे टेकवताना दुसरा हवेत हवा. हे तोल आणि चपळाईचे काम आहे. पायाने हळूच केलेला स्पर्श, पळता पळता हाताने टिपलेला गडी, पाठमोरे वळताना मारलेली लाथ, यांतले काहीही वजनावर होत नाही. साखळीतल्या हातांखालून निसटण्याची डुबकीही ज्याला पटकन खाली बसून उठता येते त्याची. परदीप नरवालने २०१७ च्या हंगामात चढाईचे ३६९ गुण मिळवले, त्यात या डुबकीचा वाटा मोठा होता. अनुप कुमारने बोनस आणि पायाच्या स्पर्शावर कारकीर्द उभी केली, यू मुम्बाला २०१५ चे विजेतेपद आणि भारताला २०१६ चा विश्वचषक मिळवून दिला. बोनसवर हुकूमत असलेल्या मुंबईच्या रिशांक देवाडिगाने २०१७ मध्ये एकाच सामन्यात २८ गुण घेतले. हे तिघे लहान चणीचे होते, असे मी म्हणत नाही. त्यांचे बरेचसे गुण पकड बसण्याआधी आले, आणि लहान चणीच्या मुलाने गिरवायचा कित्ता तो आहे.

नियमांचा हिशेबही पाहायला हवा. बोनस समोर सहा किंवा सात गडी असतानाच मिळतो. म्हणजे प्रतिस्पर्धी संघ पूर्ण असताना हलका चढाईपटू सर्वांत उपयोगी. समोर दोन-तीनच गडी उरले की मोकळी जागा वाढते, पळणाऱ्याला वाव मिळतो, पण तेव्हा पकड झाली तर बचावाला अव्वल पकडीचा एक जादा गुण मिळतो. सर्वांत वाईट अवस्था चार-पाच गड्यांची. बोनस बंद झालेला असतो आणि साखळी करायला माणसे पुरेशी असतात. त्यातून ती तिसरी चढाई असेल, म्हणजे आधीच्या दोन रिकाम्या गेल्यामुळे गुण घेतलाच पाहिजे अशी, तर हलक्या मुलाला खोल शिरावेच लागते. माझ्या वह्यांतल्या फसलेल्या चढायांपैकी कितीतरी अशा आहेत. तिथे त्या मुलाचे वजन कमी पडले असे सगळे म्हणतात. त्याला त्या वेळी पाठवले कुणी, हे कुणी विचारत नाही.

बाजाराचे मतही लपवण्यात अर्थ नाही. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई, उंच, दणकट, अंगावरच्या बचावपटूंना ओढत नेणारा. यू मुम्बाकडून एक हंगाम खेळल्यावर २०१९ च्या लिलावात त्याला १ कोटी ४५ लाखांची बोली लागली. ताकद नजरेत भरते, तिची किंमत लगेच ठरते. एकेक गुण टिपणाऱ्याची किंमत हंगामाअखेर बेरीज केल्यावर कळते.

गळती कुठे होते

तर मग लहान चणीची मुले गळतात ती कुठे? माझ्या मते व्यावसायिक दारापर्यंत ती पोहोचतच नाहीत. गळती होते ती सतरा ते बावीस या वयात, आणि तिचे एक मोठे कारण आपल्या वजनी स्पर्धांच्या पद्धतीत आहे.

पंचावन्न किलोंच्या स्पर्धेत बसावे म्हणून साडेसत्तावन्न किलोंचा मुलगा दोन दिवस जेवत नाही. भर उन्हात दोन स्वेटर घालून पळतो, पाणी तोडतो. मंडळाला चषक मिळतो. पण ज्या वयात हाडे आणि स्नायू भरायचे, त्याच वयात आपण त्याला हलके राहण्याचे बक्षीस देतो, आणि वीस पूर्ण झाली की हलका म्हणून घरी पाठवतो. बरोबरीच्या वजनाच्या गड्यांशी झटापट करून सुटायची त्याला सवय लागलेली असते. म्हणजे मोठ्यांत उपयोगी नसलेला भाग घोटून घेतलेला आणि उपयोगी असलेला भाग कच्चा, अशी त्याची तयारी होते.

दुसरे कारण, हलका म्हणजे चढाईचाच, हे ठरून गेलेले आहे. वास्तविक कोपऱ्यात खेळणाऱ्याला घोटा पकडायला खाली जावे लागते. तिथे नेमकी वेळ साधणे आणि बोटांची ताकद यांना महत्त्व आहे, बुटकेपण आड येत नाही. आमच्याच ठाणे जिल्ह्याचा गिरीश इरनाक डावा कोपरा सांभाळत २०१८ च्या आशियाई स्पर्धेच्या भारतीय संघापर्यंत गेला. कोपऱ्यातूनही वाट वरपर्यंत जाते, एवढे तरी मुलांना दिसायला हवे.

म्हणून माझे उत्तर असे. लहान चणीचा चढाईपटू व्यावसायिक कबड्डीत टिकू शकतो, पण पकड बसण्याआधी चढाई संपवणारा असेल तरच. गावच्या मैदानावर मिठीतून सुटणारा म्हणून त्याचे नाव झाले असेल, तर ते नाव वर चालणार नाही. साठ किलोंचा मुलगा ऐंशीचा होणार नाही, पण पोटभर खाऊन, मांड्या आणि मान कमावून तो अडुसष्ट-सत्तरचा होऊ शकतो आणि डॅश सोसू शकतो.

मंडळांना यासाठी मोठा खर्च नाही. कुमार गटातल्या मुलांना आठवड्यातून दोनदा खुल्या गटाच्या गड्यांसमोर उतरवावे. वजन उतरवून खेळणाऱ्याला संघात घेऊ नये. प्रत्येक मुलाची उंची आणि वजन दर सहा महिन्यांनी वहीत लिहावे. आणि चढाई फसली की ती पकडीआधी फसली की पकडीनंतर, समोर गडी किती होते, एवढे टिपून ठेवावे. दोन हंगामांच्या अशा नोंदी हातात असल्या, तर 'पोरगा हलका हाय' म्हणणाऱ्यापुढे वही उघडून धरता येईल आणि तो पोरगा कुठे चालतो, कुठे चालत नाही, हे दाखवता येईल.