एका हातचे लिहिल्यासारखे

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या कोडविषयी लिहावे, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. पण मित्रहो, हा विषय मुळात लेखनाचाच आहे.

गारखेड्यात माझ्या खोलीवरचे दोन मित्र मिळून मेसच्या हिशेबाचा प्रोग्राम लिहितात. ओळ आत सरकवायला एक जण ‘टॅब’ वापरतो, दुसरा चार मोकळ्या जागा सोडतो. पुष्कळ भाषांत यंत्राला दोन्ही चालते. पायथॉनमध्ये मात्र ओळ किती आत आहे यावरच अर्थ ठरतो. दोहोंची विसंगत सरमिसळ झाली तर प्रोग्राम चालतच नाही. माणसांची अडचण याहून मोठी. एकाने दुसऱ्याची सारी फाइल आपल्या पद्धतीने मांडली, की बदलांची नोंद ठेवणारे ‘गिट’ दोनशे ओळी बदलल्याचे दाखवते. त्या गर्दीत हिशेबाची खरोखर बदललेली एक ओळ दिसत नाही, आणि चूक नेमकी तिथेच दडते.

म्हणून एकच शैली ठरवावी लागते. पायथॉनची ‘पेप ८’ ही नियमावली २००१ सालची. ती चार जागा सोडायला सांगते. लिनक्सच्या गाभ्यात आठ अक्षरांएवढा टॅब चालतो. दोन्ही आपापल्या घरी बरोबरच.

मराठीतही हेच झाले. साहित्य महामंडळाचे १४ लेखननियम १९६२ साली आले, १९७२ साली ४ जोडले गेले. उच्चारात नसलेले अनुस्वार गेले आणि छापील मराठी बरीचशी एकसारखी झाली.

पण आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. ऱ्हस्व-दीर्घ चुकले की शब्दाबरोबर माणसाचीही किंमत केली जाते, हे माझ्यासारख्यांना ठाऊक आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी हे काम यंत्रावर सोपवले. गो भाषेसाठी ‘गोएफएमटी’, पायथॉनसाठी ‘ब्लॅक’ ही साधने मांडणी आपोआप सरळ करतात. नवख्याला कोणी हिणवत नाही. वाद उरतो तो हिशेब बरोबर आहे की नाही एवढाच.

तेव्हा एकत्र काम करणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी शैली ठरवावी आणि ते साधन सर्वांनी बसवून घ्यावे. जुन्या फाइलींची मांडणी बदलायची असेल, तर ती वेगळ्या नोंदीत करावी. त्या नोंदीत हिशेबाला हात लावू नये. म्हणजे पुढे कोणी काय बदलले, ते नव्याने आलेल्यालाही वाचता येईल.