चुकलेल्या वळणाची किंमत

मोटारींच्या शर्यतीचा ‘ओपन वर्ल्ड’ गेम यायचा झाला, की जाहिरातीत सगळ्यात आधी मॅपचा आकडा झळकतो. मागच्या भागापेक्षा इतका मोठा, इतके जास्त रस्ते. या आकड्यात खरंच दम असता तर २००९ साली आलेला ‘फ्युएल’ आजही या प्रकाराचा राजा म्हणून मिरवला असता. असोबो या फ्रेंच कंपनीने त्यात १४,४०० चौरस किलोमीटरचा मुलूख उभा केला होता. गोव्याच्या जवळपास चौपट. गिनेस बुकात त्याची नोंद झाली. वाळवंट, जंगल, डोंगर, चक्रीवादळं, कशाचीही ददात नव्हती. फक्त या टेकडीवरून त्या टेकडीवर जावं असं काही कारण नव्हतं. शर्यती मेनूतूनच उघडता येत, त्यामुळे मधला मुलूख ओलांडण्याची वेळच कोणावर येत नसे. समीक्षकांनी त्याच्या रिकामेपणावर बोट ठेवलं आणि गेम विस्मरणात गेला. (असोबोची विद्या मात्र वाया गेली नाही. २०२० चा मायक्रोसॉफ्ट ‘फ्लाइट सिम्युलेटर’ त्यांनीच केला. तिथे जमीन वरूनच पाहायची असते.)

तेव्हा माझं म्हणणं असं, की या गेममधलं जग चौरस किलोमीटरने मोठं होत नाही. रस्ता चुकता आला पाहिजे आणि चुकल्याची काहीतरी किंमत मोजावी लागली पाहिजे. ती किंमत शून्यावर आणली, की मॅप उरतो तो शर्यतींची यादी लटकवण्यापुरता.

याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे क्रायटेरियन या ब्रिटिश स्टुडिओचा २००८ चा ‘बर्नआउट पॅराडाइज’. यात शर्यत निवडायला मेनू नाही. शहरातल्या सिग्नलपाशी गाडी उभी करायची, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबायचे; चाकं जागच्या जागी फिरतात, धूर निघतो आणि शर्यत सुरू. असे सिग्नल शंभराच्या वर आहेत, पण शर्यती संपतात त्या मोजून आठ ठिकाणी, आठ दिशांना. मधला रस्ता तुमचा तुम्ही शोधायचा. जमिनीवर बाण नाहीत, रंगीत रेघ नाही. वळण जवळ आलं की स्क्रीनच्या वरच्या बाजूला त्या रस्त्याचं नाव लुकलुकतं, तोच मुख्य आधार. भरधाव वेगात ते वाचायला क्षणभर मिळतो. वाचलं नाही, तर गाडी सरळ निघून जाते आणि बाकीचे वळलेले असतात. डावी-उजवीकडे पिवळी कुंपणं दिसतात. ती फोडून आत घुसलं की गल्लीबोळातून जवळची वाट सापडते. अशी कुंपणं शहरात ४०० आहेत. शेवटची ठिकाणं आठच असल्याने तेच रस्ते वेगवेगळ्या बाजूंनी पुन्हा पुन्हा पायाखालून जातात, आणि काही दिवसांत नाव वाचायची गरजच संपते. हे नुसतं पाठांतर नव्हे. कुठे सोडायचं, कुठे घुसायचं, हा निर्णय खेळणारा स्वतः घ्यायला लागतो.

याच गेमवर सर्वांत मोठा आरडाओरडा झाला तो एका नसलेल्या बटणावरून. सुरुवातीला त्यात ‘रिस्टार्ट’ नव्हतं. पश्चिमेकडच्या डोंगरात पवनचक्क्यांपाशी शेवटचे आलात, तर तीच शर्यत पुन्हा लावण्यासाठी आल्या वाटेने शहरातल्या सिग्नलपर्यंत गाडी हाकत जायचं. लोक वैतागले आणि वर्षभराने आलेल्या अपडेटमध्ये ती सोय करून द्यावी लागली. चूक होती, सुधारली, असाच हा किस्सा सांगितला जातो. मला तो निम्माच खरा वाटतो. परतीच्या त्या वाटेवर मघाशी हुकलेलं पिवळं कुंपण उलट बाजूने दिसायचं, आणि मध्येच दुसरा सिग्नल लागायचा. हरलेल्या शर्यतीचा हट्ट सोडा, समोर आहे ती लावा, असं ती रचना सुचवत होती. ते लोकांना पटवून देण्यात क्रायटेरियन कमी पडलं, हा दोष खरा. बटण आल्यावर खेळ सुटसुटीत झाला, पण परत जाण्याचं कारण गेलं.

यावर हमखास येणारा आक्षेप रास्त आहे. दिवसभर काम करून आलेल्या माणसाकडे तासभर असतो. तो त्याने रिकाम्या हायवेवर का घालवावा? एडन गेम्सचा ‘टेस्ट ड्राइव्ह अनलिमिटेड’ आठवला, तर आक्षेपाला आणखीच बळ येतं. हवाईमधलं ओआहू बेट त्यात उभं केलं होतं, रस्ते सुमारे १,६०० किलोमीटरचे, आणि बेटाला वळसा घालणाऱ्या शर्यतीला तासभर सहज लागे. पण उत्तरही याच गेममध्ये आहे, तेही २००६ सालचं. मधला रस्ता न कापता मॅपवरून एकदम झेप घेता येत असे, मात्र ज्या रस्त्यावरून तुम्ही आधी गाडी नेली आहे तिथेच. पहिली खेप सक्तीची, दुसरी तुमच्या मर्जीची. वेळेची काळजी घेणारा आणि तरीही जगाचं जगपण राखणारा यापेक्षा सरळ व्यवहार मला तरी दुसरा दिसलेला नाही.

दुसरा आक्षेप जास्त अवघड. ‘फोर्झा होरायझन’ मालिकेत सगळ्या सोयी आहेत: रस्त्यावर रंगीत रेघ, ती लाल झाली की ब्रेक, कठड्यावर आपटलात तर बटण दाबून काळ मागे, कुठे जायचं ते मॅपवर आखून तयार. तरी आज ही मालिका या प्रकारात अव्वल मानली जाते. मग चुकण्याची किंमत हवीच कशाला? इथे मालिकेचं यश नक्की कशात आहे ते पाहावं लागतं. २०२१ मधल्या पाचव्या भागात मेक्सिकोचे ५७८ रस्ते आहेत, आणि न पाहिलेला रस्ता मॅपवर फिकट दिसतो. तो फिकटपणा घालवायला लोक तासन्‌तास हिंडतात. गेममध्ये उगाच घातलेली वाटणारी ही भर खरं तर त्याचा कणा आहे. झेप घेण्याचं तर चक्क भाडं ठेवलंय. ते कमी करायचं तर देशभर विखुरलेल्या ५० पाट्या शोधून फोडायच्या, आणि हव्या त्या ठिकाणी झेप घ्यायची तर २० लाख क्रेडिटचं ‘बुएनास व्हिस्तास’ हे घर विकत घ्यायचं. सोय दिली आहे, पण आधी देश पालथा घालायला लावून. किंमत मोजायला लावावीच लागते, याची सोयींचा जयजयकार करणाऱ्या स्टुडिओने दिलेली ही मूक कबुलीच म्हणायची. रंगीत रेघ मात्र पहिल्या मिनिटापासून फुकट मिळते. ती पाहत गुआनाहुआतोच्या अरुंद गल्ल्यांतून जाणाऱ्याला ते शहर दिसत नाही; दिसते ती रेघ.

‘नको असेल तर रेघ बंद करा, सेटिंगमध्ये सोय आहे’, असं उत्तर यावर मिळतं. ते अपुरं आहे. बर्नआउटमध्ये रेघ नव्हती म्हणून रस्त्यांना ओळखू येतील अशी वळणं, खुणा, नावं द्यावी लागली. शहराची आखणीच वाट चुकणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून झाली. रेघ असणारच असं धरून रचलेल्या मॅपवरची रेघ पुसली, तर पाठीमागे असं शहर तयार सापडत नाही. ‘फोर्झा होरायझन’च्या सहाव्या भागासाठी तिच्या स्टुडिओने, प्लेग्राउंड गेम्सने, जपान निवडलं आहे. त्याचा मॅप किती मोठा, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. रेघ बंद करून टोकियोत सोडलेल्या माणसाला, नुसत्या चौकांच्या आणि पाट्यांच्या जोरावर डोंगराकडचा घाट सापडतो का, ते तपासायला हवं.