लाल जिभेचे कॅमेरे

जुने कॅमेरे जमवणाऱ्यांमध्ये एक उतरंड ठरून गेली आहे. सगळ्यात वर रेंजफाइंडर, त्याखाली एसएलआर आणि तळाला साधे व्ह्यूफाइंडर कॅमेरे. या तळाच्या कॅमेऱ्यांना आमच्यातली काही जाणकार मंडळी सरळ ‘डबा’ म्हणतात. आरसा नाही, दोन प्रतिमा जुळवायची सोय नाही. नुसती एक खिडकी. त्यातून बघा, बटण दाबा आणि अंतराचं म्हणाल तर अंदाजपंचे दाहोदरसे. या डब्यांची वकिली मी आयुष्यभर करत आलोय. यंदा संपादकांनी जपानी कॅमेऱ्यांवर हवं ते लिहायची मुभा दिल्यावर ही संधी कशी सोडेन?

माझं म्हणणं एवढंच आहे. पैसा मुबलक असला की चांगला कॅमेरा कोणीही करतो. काय ठेवायचं आणि कशाला कात्री लावायची याची परीक्षा स्वस्त कॅमेऱ्यात होते. त्या परीक्षेत पहिल्या नंबरानं पास झालेलं घराणं म्हणजे ऑलिम्पस पेन.

पेनचा कर्ता योशिहिसा मैतानी. जन्म १९३३चा, शिक्षण वासेदा विद्यापीठात, १९५६मध्ये ऑलिम्पसमध्ये दाखल. त्यानं स्वतःपुढे अट ठेवली ती किमतीची: कॅमेरा ६,००० येनमध्ये मिळाला पाहिजे. तेव्हा त्या पैशात धड कॅमेरा मिळत नसे. पण हा गडी स्वतः लायका वापरणारा. त्यामुळे दुसरी अट अशी, की भिंग हलकं चालणार नाही. टेसर धाटणीचं, चार भिंगांचं, २८ मिमी एफ/३.५ झुइको तयार झालं आणि जवळजवळ सगळं अंदाजपत्रक त्या भिंगानंच गिळलं. उरलेल्या चिल्लरीत कॅमेरा बसवायचा होता. मग रोल पुढे सरकवायचा खटका गेला आणि त्याच्या जागी पाठीमागे अंगठ्यानं फिरवायची दातेरी चकती आली. चौकट अर्धी झाली: १८ बाय २४ मिमी, म्हणजे ३६च्या रोलवर ७२ फोटो. शटरला वेग चारच. कंपनीच्याच कारखान्याला हे प्रकरण पोरकट वाटलं, म्हणून सुरुवातीला उत्पादन बाहेर करून घ्यावं लागलं. ऑक्टोबर १९५९मध्ये पेन बाजारात आला आणि नाकं मुरडणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

त्या भिंगावर ‘डी. झुइको’ असं कोरलेलं असतं. डी हे इंग्रजीतलं चौथं अक्षर, म्हणून चार भिंगं. ई म्हणजे पाच, एफ म्हणजे सहा. ऑलिम्पसचा हा हिशेब ठाऊक असला की दुकानदार काहीही सांगो, समोरच्या काचेभोवतीची अक्षरं वाचून आपल्याला कळतं हातात काय आहे.

यापुढचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण एक जिना रचतात: पेन, मग पेन एस, मग पेन डी, आणि वरच्या गच्चीवर १९६३चा पेन एफ, अर्ध्या चौकटीचा एसएलआर. हा जिना मला मुळीच मान्य नाही. पेन एफ अचाट यंत्र आहे, त्याचं टायटॅनियमचं फिरतं शटर बघत राहावं असं आहे, पण तो वेगळ्या वंशाचा. त्याला शिखर मानलं की बाकीचे सगळे आपोआप पायथ्याशी जातात आणि लेखकांना तेच हवं असतं. उरलेल्या पायऱ्या भराभर उतरून जाऊ. १९६०चा पेन एस, ३० मिमी एफ/२.८, शटर जरा बरं. १९६२चा पेन डी, एफ/१.९ आणि सोबत मीटर, पण मीटरवर वाचलेला आकडा हातानं लावायचा. त्याचे डी-२ आणि डी-३ हे पुढचे अवतार. १९६४चा काळा पेन डब्ल्यू, २५ मिमीचा रुंद. थोडाच काळ निघाला म्हणून आज त्याच्या किमती ऐकून घेरी येते. १९६५चा ईएम, मोटरवर रोल ओढणारा. हौशी लोकांनी हे जरूर जमवावेत. माझा जीव यात कधी अडकला नाही.

माझा जीव अडकला तो १९६१च्या पेन ईईमध्ये. भिंगाभोवती खडबडीत पारदर्शक कडं, त्यामागे सेलेनियम. उजेड पडला की सेलेनियममधून वीज निघते, म्हणजे बॅटरीची भानगडच नाही. ती वीज किती? एक बारीक सुई हलवण्यापुरती. एवढ्याशा जोरावर यंत्राचे पडदे उघडझाप करणं शक्य नाही. मग पेनवाल्यांनी काय केलं? बटण अर्धं दाबलं की एक पायऱ्यापायऱ्यांची पट्टी येऊन ती सुई जागच्या जागी चिमटते. सुई ज्या पायरीवर सापडेल त्यावरून छिद्र किती उघडायचं ते ठरतं. काम करायला लागणारा जोर येतो तुमच्या बोटातून. वीज फक्त दिशा दाखवते. आणि उजेड इतका कमी असला की सुई जागची हललीच नाही, तर खिडकीत खालून एक लाल पाकळी वर येते आणि बटण पुढे जातच नाही. जपानी लोकांनी तिला नाव ठेवलं अकाबेरो, लाल जीभ. कॅमेरा तुम्हाला जीभ दाखवून सांगतो, रोल फुकट घालवू नकोस.

मी जुन्या ईईच्या वरची टोपी उघडून ही पट्टी आणि सुई कित्येकदा पाहिली आहे. अजून कंटाळा आलेला नाही. पहिल्या ईईला शटरचा वेग एकच, १/६०. फोकस कायमचा बांधलेला. म्हणजे वापरणाऱ्यानं ठरवायचं काय? रोलची एएसए एकदा लावायची, मग कुठे बघायचं आणि कधी दाबायचं. कॅमेरा घरातल्या कोणाच्याही हातात बिनधास्त द्यावा, हे त्यानं शक्य केलं. ‘यात फोटोग्राफरचं कौशल्य ते काय राहिलं?’ असं विचारणाऱ्यांना मी उलट विचारतो, की बाबांनो, चौकट आणि क्षण सोडून आणखी कोणतं कौशल्य फोटोत दिसतं?

पुढच्या आवृत्त्या नीट ओळखून घ्या, कारण विकणारे सगळ्यांना एकाच नावानं विकतात. १९६२चा ईई-एस म्हणजे ३० मिमी एफ/२.८ आणि अंतराच्या टप्प्यांचं कडं. पुढे वेग एकाचे दोन झाले. १९६८च्या ईई-२ला वेग १/४० आणि १/२००, पाठ बिजागरीवर उघडणारी, वर फ्लॅशसाठी हॉट शू. १९७३चा ईई-३ दिसायला जवळजवळ तोच, फ्लॅशच्या बाबतीत थोडा समजूतदार, आणि तो तर दशकभर चालला. वापरायला घ्यायचा तर यातला कोणताही घ्या. घेताना परीक्षा सोपी आहे: चकती ‘ए’वर ठेवा, खिडकीकडे रोखून बटण दाबा, शटर सुटलं पाहिजे. मग सेलेनियमच्या कड्यावर तळहात झाका आणि दाबा, लाल जीभ आली पाहिजे. उजेडातही जीभ येत असेल तर सेलेनियम गेलं. अंधारातही येत नसेल तर यंत्र बिघडलंय. विकणारा ‘रोल घातल्यावर चालेल’ म्हणाला तर नमस्कार करून निघा.

पेन चालला तसे बाकीचेही अर्ध्या चौकटीत उतरले आणि साठच्या दशकाच्या पूर्वार्धात नुसती धमाल उडाली. यशिकाचा रॅपिड उभ्या विटेच्या आकाराचा. रिकोचा ऑटो हाफ, चावीच्या स्प्रिंगवर रोल ओढणारा, दर्शनी पत्र्यावर नाना नक्षी. कॅननचा डेमी पुढे लाल, निळ्या, पांढऱ्या रंगांत निघाला. आणि कॅननचाच १९६३चा डायल ३५, भिंगाभोवती टेलिफोनच्या डायलसारखी भोकं आणि खाली मुठीत चावी. अर्ध्या चौकटीचा एक स्वभाव आहे: कॅमेरा आडवा धरला की फोटो उभा येतो. डायलमध्ये रोल वरून खाली सरकतो, त्यामुळे सरळ धरूनही आडवा फोटो मिळतो. चतुराई खरी, पण मला पेनची उभी खिडकीच प्रिय. माणूस उभा असतो, झाड उभं असतं, आपल्या गल्ल्याही उभ्याच चौकटीत मावतात.

आपल्याकडे हे कॅमेरे राजरस्त्यानं आले नाहीत. परदेशी कॅमेऱ्यांच्या आयातीवर निर्बंध. सर्वसामान्यांच्या घरी बडोद्याला बनणारा आग्फा क्लिक थ्री, १२० रोलवर बारा चौरस फोटो. पेन किंवा ऑलिम्पसचाच ट्रिप ३५ यायचा तो बोटीवर नोकरी करणाऱ्या मामाच्या बॅगेतून, नाहीतर पुढे आखातातून परतलेल्या शेजाऱ्याकडून. बारावर हात आखडून जगलेल्या घरात एका रोलमध्ये बाहत्तर म्हणजे चैन! गणपती, साखरपुडा आणि दिवाळी एकाच रोलमध्ये उरकायची, आणि मग रोल संपता संपत नाही म्हणून अंगणातल्या मांजराचेही चार. रडायचा तो स्टुडिओवाला. आमच्या गावच्या स्टुडिओवाल्या काकांनी एन्लार्जरसाठी काळ्या पुठ्ठ्यात अर्ध्या चौकटीची खिडकी ब्लेडनं कापून ठेवली होती आणि दर वेळी ती शोधताना आमचा उद्धार करायचे. पुढे रंगीत लॅबची यंत्रं आली तेव्हा गंमत झाली. यंत्राला अर्धी चौकट कळेना, त्यानं दोन फोटो शेजारीशेजारी एकाच प्रिंटवर छापले. आजी आणि म्हैस, नवरदेव आणि जिलेबीची कढई, अशा जोड्या फुकटात जुळल्या. आज कलादालनांत असल्या जोडफोटोंना नाव आणि भाव दोन्ही आहेत.

ट्रिप ३५वर वेगळा लेख होईल, पण टाळून चालणार नाही. १९६७चा हा कॅमेरा म्हणजे पूर्ण चौकटीतला पेन ईईच: तेच सेलेनियम, तीच सुईची चिमट, तीच लाल जीभ, वेग १/४० आणि १/२००. भिंग ४० मिमी एफ/२.८, अंतरासाठी चार चित्रं: एक माणूस, दोन माणसं, घोळका आणि डोंगर. खिडकीच्या खाली आणखी एक चिमुकली खिडकी, तिच्यातून निवडलेलं चित्र आणि छिद्राचा आकडा डोळा न हलवता दिसतो. ब्रिटनमध्ये डेव्हिड बेली या नामांकित फोटोग्राफरला घेऊन त्याच्या जाहिराती गाजल्या. १९८४पर्यंत तो बनत राहिला. संग्राहकांत यावर एकच वाद ऐकू येतो: बटण धातूचं असलेला आधीचा चांगला की काळ्या प्लॅस्टिकच्या बटणाचा नंतरचा? धातूवाले प्लॅस्टिकवाल्यांना पंगतीला बसू देत नाहीत. अहो, आत यंत्र तेच, भिंग तेच. बटणावरून जात ठरवणाऱ्यांशी काय बोलायचं? मैतानीचा पुढचा एक्सए आणि त्याचा १९८०चा व्ह्यूफाइंडरवाला भाऊ एक्सए-२ यांची सरकती झडप सुरेख आहे. पण ते बॅटरीचे कॅमेरे, म्हणून इथे नुसता रामराम.

आता रडगाणं. दिवाळी अंकात म्हाताऱ्या माणसाला तेवढी सूट असते. बोरा बाजारात आणि फोर्टात पूर्वी दुरुस्ती करणारे हात होते, सुई चिकटली तर दुपारपर्यंत मोकळी करून देत. ते हात एकेक करून उठून गेले. कोकणपट्टीच्या दमट हवेनं भिंगात बुरशी धरली की आता लोक कॅमेरा थेट शोभेच्या फळीवर ठेवतात. फोटोत छान दिसतो म्हणून ट्रिपला नारिंगी कातडं चढवतात आणि आत रोल घालत नाहीत. एका विक्रेत्यानं मला मेलेल्या सेलेनियमचा ईई-३ ‘सजावटीचा माल’ म्हणून दुप्पट भावात सांगितला. यंत्र चालत नाही हा त्याच्या मते गुण होता, कारण ‘मग कोणी उघडून खराब करत नाही’!

पण उतरंडवाल्यांना उत्तर मिळालंय आणि ते जपानमधूनच मिळालंय. २०२४मध्ये पेंटॅक्सनं नवाकोरा फिल्म कॅमेरा काढला, पेंटॅक्स १७. आज हाताशी ऑटोफोकस आहे, चिप आहे, काय हवं ते आहे. सगळं असताना त्यांनी काय निवडलं? अर्धी चौकट, उभी खिडकी, हातानं ओढायचा खटका आणि अंतरासाठी चित्रं; तीही आता सहा. ज्यांना व्ह्यूफाइंडर म्हणजे डबा वाटतो त्यांनी पेंटॅक्सला पत्र लिहून ही चूक दाखवून द्यावी. तोवर माझ्या ईई-२मध्ये ४००चा रोल आहे आणि निम्म्याहून जास्त शिल्लक आहे.