बद्द वाजणारा दगड

पुण्याहून नगर रस्त्यानं वाघोली ओलांडली की खडीच्या खाणी लागायच्या. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी तिथं पहिल्यांदा उतरलो, तो खाणीवरच्या एका मामांच्या मागून. सुरुंग उडून धुरळा बसला होता आणि मामा पडलेल्या ढेपांवर हातोडीनं टकटक करत पुढे चालले होते. खणखण वाजला की तो दगड सोडून द्यायचा. एका ढेपेवर आवाज बद्द आला, तसे ते थांबले. "हा आतून पोकळ हाय," म्हणाले आणि बेतानं दोन घाव घातले. आत ओंजळभर पोकळी. तिच्या तळाशी पांढुरक्या स्टिल्बाइटची पाती आणि त्यांच्यावर बसलेले वाटाण्याएवढे गेंद, मोराच्या गळ्याच्या निळ्या रंगाचे. मी बोट पुढे केलं तर मामांनी मनगटच धरलं. "हात नका लावू साहेब, सुया मोडत्यात."

तो कॅव्हनसाइट होता. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तीन शब्दांच्या आद्याक्षरांतून त्याचं नाव घडलं. खनिजाची ओळख पटली ती १९६०च्या दशकात, अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात. पण तिथले स्फटिक अगदी किरकोळ. जगभरच्या संग्राहकांनी ज्याच्यासाठी जीव टाकला, तो वाघोलीचा. परदेशातल्या एखाद्या संग्रहालयात काचेआड हा निळा गेंद दिसला, तर तो बहुधा आपल्या खडीच्या खाणीतून गेलेला असतो. त्या दिवसापासून मला काळा दगड नुसता काळा दिसलेला नाही.

पोकळी कशी होते ते सोपं आहे. लाव्हा वर येतो तेव्हा त्यात वायू विरघळलेले असतात. दाब कमी झाला की त्यांचे बुडबुडे होतात, वर चढतात आणि पृष्ठ थिजत आलं की तिथंच अडकतात. म्हणून लाव्ह्याच्या एका थराचा मधला भाग घट्ट, फत्तरासारखा आणि माथ्याचा भाग जाळीदार असतो. पुढे याच पोकळ्यांतून गरम पाणी झिरपतं. वाटेत ते दगडातून सिलिका, कॅल्शियम, सोडियम, अॅल्युमिनियम उचलतं आणि निवांत जागा मिळाली की भिंतीवर ठेवून जातं. हे काम लाव्हा निवल्यावर कितीतरी काळानं, काही ठिकाणी कोट्यवधी वर्षांनी झालेलं आहे. लहान पोकळ्या पुरत्या भरल्या की कापलेल्या दगडात बदाम पेरल्यासारख्या दिसतात.

आता देशाचा भूगोल एका दमात सांगून टाकतो, कारण त्यावाचून आपला दगड कुठं बसतो ते कळणार नाही. भारताचा पाया म्हणजे दक्षिणेतले आणि सिंगभूमकडचे तीन अब्ज वर्षांहून जुने ग्रॅनाइट नि पट्टिताश्म. त्यांच्यावर विंध्याचे वालुकाश्म, मग दामोदरपासून चंद्रपूरपर्यंतचा कोळसा पोटात घेतलेले गोंडवनाचे थर. उत्तरेला हिमालय, म्हणजे आशियाच्या भूखंडाशी झालेल्या टकरीनं उचलला गेलेला समुद्रतळ आणि त्याच्या पायाशी गंगा-यमुनेचा गाळ. पाया, विंध्य आणि गोंडवन यांपुढे दख्खनचा काळा पाषाण वयानं धाकटा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा. त्या वेळी आपला भूखंड उत्तरेकडे सरकता सरकता एका तप्तबिंदूवरून चालला होता. तोच तप्तबिंदू आज रियुनियन बेटाखाली धगधगतो. जमिनीला भेगा पडून लाव्हा थरावर थर पसरला. आजही त्याखाली सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूभाग आहे, महाराष्ट्राचा तर चार पंचमांश. कळसूबाईचे १,६४६ मीटर या थरांचेच. कोयनेच्या १९६७च्या भूकंपाचं मूळ शोधायला पुढे तिथं खोल विवरं घेतली, तेव्हा किलोमीटरभर पाषाण भेदल्यावर छिन्नीखाली आला तो थेट जुना ग्रॅनाइट.

झालं. परत पोकळीत येऊ.

स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, स्कोलेसाइट ही मंडळी झिओलाइट कुळातली. १७५६ साली क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञानं असा एक दगड फुंकणीच्या ज्योतीत धरला, तर तो उकळल्यासारखा फुगला. म्हणून ग्रीक शब्दांवरून नाव ठेवलं: उकळणारा दगड. हे वाचल्यावर मला चैन पडेना. आमच्या पेठेतल्या सराफाकडे मी स्टिल्बाइटची ढलपी घेऊन गेलो. त्यांनी फुंकणी लावली आणि पाचेक क्षणांत तो चकचकीत तुकडा पापडासारखा फुलला, पदर सुटले. झिओलाइटच्या रचनेत बोगदे असतात आणि त्यांत पाणी बसलेलं असतं. तेच वाफ होऊन बाहेर पडत होतं. सराफ म्हणाले, "दगडालाही घाम फुटतो म्हणायचा!" या बोगद्यांचं तंत्र ओळखून माणसानं कृत्रिम झिओलाइट बनवले. कपडे धुण्याच्या पावडरीत पाणी मऊ करायला ते घालतात.

स्टिल्बाइट ओळखायला शेतकऱ्याला पुस्तक लागत नाही. कमरेत आवळून बांधलेली कडब्याची पेंढी, दोन्ही टोकांना पसरलेली, अगदी तसाच तो दिसतो. ओकेनाइट म्हणजे सावरीचा कापूस. बोट लागलं की दबतो, पुन्हा उठत नाही. अपोफिलाइट झिओलाइट नव्हे, पण त्यांच्याच सोबतीनं राहतो. चौकोनी, पाणीदार, कधी हिरवट. १८६३ साली पूर्ण झालेल्या भोर घाटाच्या रेल्वेसाठी डोंगर फोडले तेव्हा असे स्फटिक निघाले आणि विलायतेला गेले.

अजिंठ्याला मी चित्रांइतकाच भिंतींकडे बघत बसतो. तिथल्या कातळात झिओलाइटचे पांढरे डोळे ठिकठिकाणी उघडे आहेत. चित्रांमधला हिरवा रंग हिरव्या मातीचा. अशी माती याच पाषाणाच्या पोकळ्यांना आतून अस्तरासारखी चिकटलेली सापडते. तिच्यातलं एक खनिज सेलाडोनाइट. निळ्यासाठी मात्र चित्रकारांनी अफगाणिस्तानाकडचा लाजवर्द वापरला. ते निळे गेंद याच दख्खनच्या पोटात बंद होते, हा विचार मला तिथं दरवेळी थोडा वेळ उभा करून ठेवतो.

माझं ठाम मत आहे: खाणीच्या परवान्याबरोबर नमुने राखून ठेवण्याची अट हवी. सिन्नरचं 'गारगोटी' संग्रहालय पाहून आलं की हे कुणालाही पटेल. क्रशरला खडी आणि स्फटिक यांतला फरक कळत नाही. पॉकेट फुटलं आणि शेजारी जाणता माणूस नसला, तर दोन मिनिटांत सगळा माल वीस एमएमचा होतो. मामांचा कान होता म्हणून काही वाचलं. आता त्या भागात इमारती उभ्या राहिल्या आहेत.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत रस्त्यासाठी खडीचा डंपर रिकामा झाला. मी पाऊण तास ढीग चाळला. तीन तुकडे मिळाले: एकात बदामाएवढा पांढरा डाग, एकात स्टिल्बाइटची अर्धी पेंढी. तिसऱ्यावर रंगाचा ठिपका होता. घरी आणून ब्रशनं धुतला, भिंगाखाली धरला. हिरवा निघाला. सेलाडोनाइट.